केपटाऊनचे मोहल्ले : निवडलेले आणि नेमून दिलेले

घराआधी शेजार पाहावा, असे अरबीत म्हणतात : 'अल-जार कब्लद्दार'. आमच्या कोकणातल्या आयाबायांना अरबी येत नाही. पण मुंबईत किंवा मुंब्र्यात खोली घ्यायची म्हटली की त्यांचा पहिला सवाल हाच असतो. मस्जिद किती लांब? तिथे आपले कोण आहे? पाणी, भाडे आणि रेल्वे स्टेशन यांची पाळी त्यानंतर येते. १९९२-९३च्या दंगलीनंतर या सवालात भीतीची भर पडली, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. पण वस्ती आपण निवडतो की ती आपल्यासाठी कुणी नेमून दिलेली असते, हा प्रश्न मुंबईपुरता नाही. दक्षिण आफ्रिकेच्या टोकावरच्या एका देखण्या बंदरात आपल्याच कोकणी मुसलमानांनी तो शंभर वर्षांहून अधिक काळ झेलला. त्या शहराची हकीकत मराठीत फारशी आलेली नाही, म्हणून हा लेख.

आमच्या शाळेत भूगोल शिकवताना केपटाऊन एका ओळीत येऊन जाते. सुएझचा कालवा होण्यापूर्वी युरोपची जहाजे ज्या वाटेने हिंदुस्थानात येत, त्या वाटेवरचा मुक्काम, एवढेच मुलांना कळते. प्रत्यक्षात ते जगातल्या मोजक्या सुंदर शहरांपैकी एक आहे. पाठीशी हजार मीटरहून उंच, माथा सपाट असलेला टेबल माउंटन, शेजारी लायन्स हेड आणि सिग्नल हिल, आणि पुढे अटलांटिकचा उपसागर. उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा सुटला की डोंगराच्या माथ्यावर ढगांची चादर पसरते. लोक तिला डोंगराचा टेबलक्लॉथ म्हणतात. पाऊस तिथेही जून ते ऑगस्टमध्येच पडतो, पण तो थंडीतला पाऊस. डोंगराचा उतार आणि समुद्राचा काठ ही या शहराची मोलाची जागा. डोंगर ओलांडून पूर्वेला गेले की केप फ्लॅट्स नावाचा वाळूचा सखल पट्टा लागतो. तिथे वारा मोकाट असतो आणि हिवाळ्यात पाणी साचते. उतारावर कोणी राहायचे आणि वाळूत कोणी, यावरच या शहराचा इतिहास फिरतो.

१६५२मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने इथे ठाणे घातले. गुलाम आणले ते मादागास्कर व मोझांबिकहून, जावा-सुलावेसीकडून आणि आपल्या बंगाल, मलबार व कोरोमंडल किनाऱ्यांवरूनही. म्हणजे 'केप मलय' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोकांत हिंदुस्थानी रक्त मुळापासून आहे. मलय हे नाव त्यांना चिकटले ते मुख्यतः त्यांच्यात चालणाऱ्या मलय भाषेमुळे. कंपनीने पूर्वेकडच्या बेटांवरचे बंडखोर अमीर-उमराव आणि आलिमही इथे हद्दपार केले. शेख युसूफ १६९४मध्ये आले. त्यांना मुद्दाम शहरापासून लांब एका शेतावर ठेवले, जेणेकरून गुलामांशी त्यांचा संबंध येऊ नये. झाले उलटेच. पळून आलेले गुलाम त्यांच्याभोवती जमले आणि ती जागाच इस्लामची पहिली वस्ती ठरली. आज शहराभोवती वलींच्या मजारींचे कडे आहे. तिथे त्यांना 'क्रमात' म्हणतात; शब्द आपल्या 'करामत'चाच.

शहरातला पहिला मुस्लिम मोहल्ला सिग्नल हिलच्या उतारावर उभा राहिला. त्याचे नाव बो-काप, म्हणजे वरचे केप. १७६०च्या दशकात यान द वाल नावाच्या जमीनदाराने तिथे भाड्याने द्यायची छोटी बैठी घरे बांधली. सुरुवातीचे भाडेकरू सगळे मुसलमान नव्हते. पण हळूहळू मुक्त झालेले गुलाम इथे येऊ लागले, आणि १८३४ला गुलामी रद्द होऊन १८३८मध्ये सक्तीची उमेदवारीही संपल्यावर हा ओघ वाढला. हे लोक शिंपी, गवंडी, सुतार, कोळी, चांभार. शहरात काम होते, शहराला लागून स्वस्त भाडे होते, आणि मस्जिद होती.

मस्जिदीच्याही आधी मदरसा होता, हे सांगताना आम्हा शिक्षकांना थोडा अभिमान वाटतो. तिदोर बेटावरचे इमाम अब्दुल्लाह इब्ने काझी अब्दुस्सलाम, ज्यांना लोक तुआन गुरू म्हणत, १७८०मध्ये कैदी म्हणून आले आणि सुमारे बारा वर्षे रॉबेन बेटावर राहिले. तिथे त्यांनी कुरआन शरीफ स्मरणातून लिहून काढले. सुटल्यावर त्यांनी डॉर्प स्ट्रीटवर मुलांना शिकवायला सुरुवात केली. त्याच रस्त्यावर अव्वल मस्जिद उभी राहिली. जागा एका मुक्त गुलामाच्या कुटुंबाची होती आणि पुढे ती सार्त्यी व्हान द काप या स्त्रीच्या नावावर आली. त्या देशातली पहिली मस्जिद एका बाईच्या मालकीच्या जागेवर आहे, ही गोष्ट आमच्याकडच्या काही मंडळींनी शांतपणे ऐकून घ्यावी.

या मदरशांतून आणखी एक नवल घडले. मुलांच्या घरात पुढे आफ्रिकान्स बोलली जाऊ लागली, पण लिपी मात्र अरबी राहिली. १८६२मध्ये उस्मानी सुलतानाने केपच्या मुसलमानांना शिकवण्यासाठी अबू बक्र एफेंदी यांना पाठवले. त्यांचा 'बयानुद्दीन' हा ग्रंथ अरबी लिपीतल्या आफ्रिकान्समध्ये आहे. गोऱ्या बोअरांची भाषा म्हणून जिचा नंतर एवढा बोलबाला झाला, तिच्या सुरुवातीच्या ग्रंथांत या मुस्लिम पुस्तकाची गणना होते. एफेंदी हनफी आणि केपचे मुसलमान शाफई. एफेंदींनी शेवंड खाणे हराम ठरवले आणि मोठा गहजब झाला. समुद्रकाठच्या माणसाच्या ताटातली शेवंड काढून घेणे किती कठीण, हे श्रीवर्धन-मुरूडच्या वाचकांना आम्ही समजावणार नाही.

मोहल्ला कशाने बनतो? घरांनी तर बनतोच, पण कब्रस्तानानेही बनतो. बो-कापच्या वरच्या अंगाला 'ताना बारू' हे कब्रस्तान आहे. तुआन गुरू तिथेच आराम करतात. मय्यत खांद्यावरून न्यायची, हा आपला रिवाज. घरापासून कब्रस्तान खांदा देत चालत जाण्याइतके जवळ हवे, हा वस्तीचा हिशेब त्यातूनच ठरतो. सरकारने १८८३चा सार्वजनिक आरोग्याचा कायदा करून, देवीच्या साथीनंतर शहरातली कब्रस्ताने बंद करायचे ठरवले. लांबची जागा देऊ केली. मुसलमानांनी अर्ज केले, शिष्टमंडळे पाठवली. १५ जानेवारी १८८६ला ताना बारू बंद झाले. दोनच दिवसांनी सुमारे तीन हजार मुसलमान एका लहान मुलाचा जनाजा घेऊन निघाले आणि कायदा मोडून त्यांनी तो तिथेच दफन केला. पोलिसांशी झटापट झाली. त्यांचा पुढारी आब्दोल बर्न्स हा घोडागाडी हाकणारा माणूस होता. लढा ते हरले. कब्रस्तान बंदच राहिले. पण वस्ती हलली नाही.

आपले कोकणी यानंतर थोड्याच वर्षांत मोठ्या संख्येने येऊ लागले. रत्नागिरी जिल्हा, विशेषतः खेड तालुक्यातली करजीसारखी गावे, कुलाबा जिल्हा आणि जंजिऱ्याच्या नवाबाचा हबसाण इथून हे लोक निघाले. खोताची जमीन, अपुरे भात आणि मुंबईच्या गोदीत जहाजांशी जुनी ओळख. निघण्याची कारणे तीच, जी त्यांना मुंबईला नेत होती. १८९०नंतर आणि बोअर युद्धाच्या धामधुमीत (१८९९-१९०२) केपमध्ये रोजी भरपूर होती. नाताळातल्या उसाच्या मळ्यांवर जे गेले ते गिरमिटिये. हे मात्र स्वतःचे भाडे भरून गेलेले. म्हणून इतिहासकार त्यांना 'पॅसेंजर' हिंदी म्हणतात. शब्द ऐकून शेठ-सावकार डोळ्यांपुढे येतात, पण त्यातले बहुतेक मजूर, फेरीवाले, दुकानातले नोकर होते. टोपलीत भाजी-फळे घेऊन दारोदार फिरायचे, चार पैसे साठले की कोपऱ्यावर दुकान थाटायचे, आणि रात्री त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत पाच-सहा जणांनी आडवे व्हायचे.

त्यांनी वस्ती कशी निवडली? निवडण्याजोगे फार नव्हते, तरी त्यात शिस्त दिसते. पहिली कसोटी गाव. एका गावचे लोक एका गल्लीत, एका खोलीत. आणि त्यांच्या गाववार जमाती. दुसरी कसोटी गिऱ्हाईक. दुकान गरिबांच्या वस्तीतच चालायचे, कारण उधारीवर पीठ-साखर तेच घेणार. तिसरी कसोटी मस्जिद. इथे कोकण्यांचे नशीब बरे होते. ते शाफई आणि केपचे मुसलमानही शाफई. नमाजाची रीत एक, खाण्यापिण्याच्या परवानग्या एक, शेवंडही हलाल. केपच्या मस्जिदीत आपला माणूस पहिल्या दिवसापासून परका वाटला नसेल. हिंदी मुसलमानांनी बो-कापच्या खालच्या बाजूला लूप स्ट्रीटवर १८९२मध्ये कुव्वतुल इस्लाम ही मस्जिदही उभारली. मग वुडस्टॉक, सॉल्ट रिव्हर, क्लेअरमॉन्ट असे मोहल्ले वाढले. सर्वांत मोठा मात्र डिस्ट्रिक्ट सिक्स.

एकटे पुरुष आल्यामुळे पुष्कळांनी केपच्या मुस्लिम स्त्रियांशी निकाह केले. गावाकडे एक कुटुंब आणि केपला दुसरे, अशी घरेही झाली. आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यांत आफ्रिकेच्या पैशांतून उठलेले दुमजली, लाकडी गजांचे घर दाखवताना लोक बांधणाऱ्याचे नाव घेतात, पण त्या बायकांचे नाव घेत नाहीत. दोन्हीकडच्या बायकांनी वाट पाहिली, आणि दोघींच्या वाट पाहण्याला कायद्याने हातभार लावला. केप वसाहतीने १९०२ आणि १९०६च्या कायद्यांनी युरोपीय भाषा लिहिता न येणाऱ्याला दार बंद केले. आत असलेल्याला गावी जायचे तर फोटो आणि अंगठ्यासह परवाना घ्यावा लागे. ठरल्या मुदतीत परतला नाही, आईचे आजारपण निघाले, बोट चुकली, तर वीस वर्षांचा रहिवास एका दिवसात संपला. १९०४च्या शिरगणतीत केप वसाहतीत सुमारे दहा हजार हिंदी लोक होते. १९११मध्ये ते साडेसहा हजारांच्या आसपास उरले. मार्च १९१३मध्ये केपच्याच न्यायालयात न्या. सर्ल यांनी निकाल दिला की ज्या धर्मात एकापेक्षा अधिक बायका करता येतात त्या धर्माप्रमाणे झालेले लग्न कायदेशीर नव्हे. बाई मरियम या मुस्लिम स्त्रीच्या प्रवेशाचा तो खटला होता. गांधीजींच्या त्या वर्षीच्या सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या त्यामागे हा निकाल होता. १९१४च्या कायद्याने काही प्रमाणात दुरुस्ती झाली. बायका व लहान मुले येऊ शकत, पण १९५३मध्ये परदेशात केलेल्या बायकांचा रस्ताही बंद झाला. गावातून सून आणण्याचा सिलसिला तिथे तुटला.

डिस्ट्रिक्ट सिक्सचे नाव सरकारी आहे. १८६७मध्ये शहराचे विभाग पाडले तेव्हा हा सहावा. बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी. खिडकीतून गोदी दिसायची. मुक्त गुलामांची मुले, आफ्रिकी मजूर, रशियातून आलेले यहुदी, हिंदी दुकानदार, गोरे कामगार, सगळे इथे. हॅनोव्हर स्ट्रीट हा त्याचा बाजार. मासळीवाले, हज्जाम, शिंपी, सार्वजनिक धुण्याचे घर, सिनेमाची थिएटरे. घरे जुनी, मालक बाहेरचे, दुरुस्ती नाही, दाटी फार. गुंडांच्या टोळ्याही होत्या. गोडवे गाताना हे विसरू नये. वस्ती गोड होती म्हणून तिथली गटारे गोड नव्हती. म्यूर स्ट्रीटवर जीनतुल इस्लाम आणि ॲस्पेलिंग स्ट्रीटवर अल-अझहर अशा मस्जिदी होत्या, चर्चे होती, सिनेगॉग होते. कोपऱ्यावरच्या हिंदी दुकानाला केपमध्ये 'बाबी शॉप' म्हणतात. त्या दुकानाच्या वहीत ईदला ख्रिस्ती शेजारणीने नेलेल्या खजुरांची आणि नाताळला मुसलमान मुलाने नेलेल्या गोळ्यांची उधारी एकाच पानावर असणार.

१९५०मध्ये आफ्रिकेच्या नॅशनल पक्षाच्या सरकारने लोकसंख्या नोंदणीचा कायदा केला आणि त्याच वर्षी ग्रूप एरियाज ॲक्ट आणला. पहिल्या कायद्याने माणसाला वंशाचे लेबल लावले, दुसऱ्याने लेबलाप्रमाणे जमीन वाटली. गोरे, आफ्रिकी, 'रंगीत'. आणि रंगीतांच्या पोटात केप कलर्ड, मलय, हिंदी, चिनी. बाईची गणना नवऱ्याच्या गटात. म्हणजे केपच्या एखाद्या बाईने कोकण्याशी निकाह केला की ती वस्तीच्या कायद्यापुरती हिंदी. तिची बहीण मलय राहिली. दोघी एका आईच्या, एका मस्जिदीच्या. पण दोघींनी वेगवेगळ्या भागांत राहायचे.

आता बो-कापचे पाहा. आय. डी. दु प्लेसी या आफ्रिकान्स कवीला मलय संस्कृतीचे वेड होते. १९४०च्या दशकात त्याने या जुन्या वस्तीच्या जतनासाठी गट उभारला, काही घरे दुरुस्त करून घेतली, 'द केप मलेज' हे पुस्तक लिहिले. वस्ती पाडायचे बेत चालू असताना त्याच्या खटपटीचा फायदा झाला, हे नाकारता येत नाही. १९५७मध्ये बो-काप हा मलय गटाचा भाग म्हणून जाहीर झाला. शहराच्या मध्याजवळच्या डोंगरउतारावरची काळ्या-सावळ्या लोकांची वस्ती त्यामुळे वाचली. पण वाचली ती कशी? मुसलमान, पण हिंदी म्हणून नोंदलेला शेजारी गेला. ख्रिस्ती कलर्ड शेजारी गेला. दु प्लेसी पुढे कलर्ड व्यवहारांचा कमिशनर झाला, ही गोष्टही पुस्तकाशेजारी ठेवावी. त्याला आवडणारा मलय माणूस आज्ञाधारक, कसबी, गाणारा आणि वेगळा ठेवण्याजोगा होता. आमच्या मते बो-कापच्या बचावाचा आनंद मानताना ही किंमत सांगितलीच पाहिजे. 'आपलीच माणसे असलेला मोहल्ला' हा विचार आपल्याला ऊब देतो. तोच विचार सरकारने उचलला आणि त्याला कुंपण घातले.

हिंदी लोकांसाठी जी जागा नेमली गेली ती मुख्यतः रायलँड्स, डोंगरापलीकडे ॲथलोनच्या भागात, केप फ्लॅट्सच्या वाळूत. उत्तरेला क्रेव्हनबी. इथे कोकण्यांच्या इतिहासातला एक चमत्कारिक योग आहे. हजरत शाह गुलाम मुहम्मद सूफी, ज्यांना आफ्रिकेत सूफीसाहेब म्हणतात, हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. १८९५मध्ये डर्बनला येऊन त्यांनी नदीकाठी खानकाह बांधली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केपटाऊनबाहेर त्यांची हबीबिया मस्जिद उभी राहिली. नाव पीर हबीब अली शाह यांच्यावरून. तेव्हा भोवती फारसे काही नव्हते. मोकळ्या रेताड जागेत मस्जिद, मदरसा आणि यतीमखाना. पन्नास वर्षांनी कायद्याने नेमका हाच भाग हिंदी ठरवला आणि मस्जिदीभोवती तिची जमात आणून वसवली. एखाद्याला ही सूफीसाहेबांची दुआ वाटेल. ज्याचे क्लेअरमॉन्टचे दुकान, गिऱ्हाईक आणि चाळीस वर्षांची उधारीची वही गेली, त्याला तसे वाटले नसेल.

रायलँड्समध्ये जमीन थोडी आणि तिथेच राहण्याची सक्ती झालेले लोक फार, त्यामुळे प्लॉट महाग झाले. ज्याच्यापाशी पैसा होता त्याने ऐसपैस बंगला बांधला. दुकानातला नोकर दुसऱ्याच्या मागच्या खोलीत राहिला. पूर्वी एका गल्लीत जे वर्ग एकमेकांत मिसळून होते, ते आता एकाच वंशाच्या चौकटीत पण भिंतींनी वेगळे झाले. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. गावाचे नाते, कोकणी बोली, निकाहाचे संबंध हे रायलँड्समध्ये टिकले ते या दाटीमुळेच. आजही तिथल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात आपली कोकणी ऐकू येते. त्यातले कितीतरी शब्द आमच्या इथल्या मुलांना आता कळत नाहीत, कारण इथे ती बोली शाळेच्या उर्दूत आणि बाजारच्या मराठीत विरघळत चालली आहे.

डिस्ट्रिक्ट सिक्सवर घाव ११ फेब्रुवारी १९६६ला पडला. मंत्री पी. डब्ल्यू. बोथा यांनी तो भाग गोऱ्यांसाठी जाहीर केला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत साठ हजारांहून अधिक लोक हलवले गेले आणि घरे बुलडोझरने पाडली. लोकांना पाठवले हॅनोव्हर पार्क, मॅनेनबर्ग, मिचेल्स प्लेन अशा ठिकाणी. हॅनोव्हर स्ट्रीटचे नाव वाळवंटातल्या वसाहतीला देऊन सरकारने थट्टाच केली. पूर्वी चालत कामाला जाणारा माणूस आता पहाटे बस-ट्रेन धरू लागला. फजर घरी, जोहर बसमध्ये कजा. सुतार, शिंपी यांची गिऱ्हाइके शहरात राहिली. ज्या म्हाताऱ्यांना गल्लीतला प्रत्येक माणूस सलाम करत असे, ते तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत अनोळखी झाले. टोळ्या मात्र सोबत गेल्या आणि तिथे भयंकर वाढल्या.

सरकारने मस्जिदी आणि चर्चे पाडली नाहीत. मोकळ्या, गवत उगवलेल्या उतारावर त्या उभ्या राहिल्या. दर शुक्रवारी फ्लॅट्सवरून लोक म्यूर स्ट्रीटला जुम्यासाठी येत राहिले. गोऱ्यांनीही त्या जमिनीवर घरे घ्यायला फारसा उत्साह दाखवला नाही. बराच भाग तसाच पडून राहिला आणि काही भागावर एक टेक्निकॉन उभे राहिले.

ग्रूप एरियाज ॲक्ट १९९१मध्ये रद्द झाला. कागदावर आता कोणीही कुठेही घर घेऊ शकत होता, समुद्रकाठच्या सी पॉइंटला किंवा कॅम्प्स बेलासुद्धा. पण ज्याचे घर चार पैशांच्या भरपाईवर गेले त्याने ते परत घ्यायचे कशाने? १९९४मध्ये बुइटेनकांट स्ट्रीटवरच्या जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम उघडले. जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा आहे, आणि लोक आपापल्या गल्लीवर आपले नाव लिहितात. जमिनीच्या दाव्यांची मुदत १९९८च्या अखेरीस संपली. ११ फेब्रुवारी २००४ला नेल्सन मंडेला यांच्या हातून पहिल्या दोन वृद्धांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. एकजण सत्याऐंशी वर्षांचे इब्राहिम मुरात. त्यानंतर काम रेंगाळले, कोर्टकज्जे झाले. पुष्कळ दावेदारांनी घराऐवजी रोख रक्कम घेतली. त्यांना दोष देता येत नाही. तोवर त्यांची मुले मिचेल्स प्लेनच्या शाळांत शिकून मोठी झाली होती, तिथे मस्जिदी झाल्या होत्या, आणि आईबाप तिथल्याच कब्रस्तानात होते.

बो-कापला आता दुसऱ्याच गोष्टीने घेरले. भाड्याची घरे पूर्वी फिकट रंगाची असत. मालकी मिळाल्यावर लोकांनी ती गुलाबी, हिरवी, पिवळी रंगवली, असे तिथले लोक सांगतात. ते रंग पर्यटकांना भुलवू लागले. शहराच्या मध्याजवळ, डोंगर आणि समुद्र दोन्ही दिसणारी जागा. परदेशी आणि श्रीमंत गिऱ्हाईक आले, भाव चढले, त्याबरोबर घरपट्टी चढली, आणि पेन्शनीवर जगणाऱ्या म्हातारीला आपल्याच घरात राहणे जड झाले. २०१८च्या रमजानमध्ये इथल्या तरुणांनी मगरिबच्या सुमारास रस्ते अडवले, टायर जाळले. आणि रस्त्यावरच इफ्तार मांडला. त्यांना उंच इमारती नको होत्या. २०१९मध्ये नगरपालिकेने वस्तीला वारसा-संरक्षणाचा दर्जा दिला आणि केंद्र सरकारने अनेक जागा राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केल्या. घराचा बाहेरचा चेहरा त्यामुळे राखला जाईल. विकणाऱ्याला विकण्यापासून थांबवणारे त्यात काही नाही.

त्याच वर्षी डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये म्यूर स्ट्रीटच्या जीनतुल इस्लाम मस्जिदीच्या अजानेबद्दल नगरपालिकेकडे आवाजाची तक्रार झाली. बातमी पसरताच हजारोंनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या आणि प्रकरण मिटले. अजान आजही होते. ती ऐकायला येणाऱ्यांपैकी बरेचजण शुक्रवारी गाडीने येतात, नमाज पढून जुन्या गल्लीच्या जागी उभे राहून थोडे बोलतात, आणि अंधार पडण्याआधी फ्लॅट्सवरच्या घरी परततात.